पोरं कुणाकडे ठेवलीस?
(महिला शिबिरातील भाषण, मालवण)



इथे येताना एसटीत किती जणींना विचारलं गेलं, "पोरां खंय ठेवलंस गो?" वर्षभर मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला हे कुणी विचारत नाही. त्याची पोरं गावी आजीजवळ वाढणार, हे गृहीतच असतं.

आपणही दोन दिवसांसाठी तेच करतो. सासू, जाऊ, शेजारीण. कुणीच नसेल तर थोरल्या मुलीची शाळा बुडते. एकीच्या मोकळिकीची किंमत दुसरी बाई भरते. घरी असलेला नवरा या यादीत का नसतो?

2017 च्या कायदादुरुस्तीने 50 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. मासळीची पाटी घेऊन फिरणारीला त्याचा काय उपयोग? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात मात्र तरतूद होती: कामावर 6 वर्षांखालची 5 मुलं असली, की एका बाईने ती सांभाळायची आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे, हे तिथे मान्य झालं होतं.

म्हणून पुढच्या शिबिराच्या खर्चात जेवण-प्रवासाबरोबर मुलं सांभाळणारीचं मानधन लिहू. आणि मूल घरी ठेवायचं तर त्याच्या बापाच्या हाती देऊन निघू. आजीलाही कधीतरी शिबिराला यायचं असेल.