जुनेराची कला

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात, वडीलधाऱ्या भगिनींनी शिवलेल्या गोधड्यांच्या प्रदर्शनाच्या आरंभी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत पाद्री बोलावयास उभा राहिला म्हणजे देवळाची कोनशिला केव्हा बसली, घंटा कोणी अर्पण केली, येथून त्याने आरंभ करावा अशी वहिवाट आहे. ते काम आपल्या शाळेच्या निवृत्त गुरुजींनी स्मरणिकेसाठी माझ्याहून पुष्कळ चांगल्या रीतीने केले असल्यामुळे मी त्यातून मोकळा झालो आहे, आणि आज आपणांपुढे चिंध्यांविषयी बोलणार आहे.

ह्या सभागृहाच्या मागील भिंतीवर अकरा गोधड्या टांगलेल्या आपण पाहिल्याच असतील. त्या शिवणाऱ्यांपैकी एकीचेही वय साठीच्या आत नाही. कोणी बँकेत, कोणी टेलिफोन खात्यात, कोणी इस्पितळात परिचारिका म्हणून जन्म काढला. बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत उभ्याने जाणे आणि उभ्याने परत येणे ह्यात तीस-पस्तीस वर्षे गेली, तेव्हा तुटलेले बटण लावण्यापलीकडे सुईशी त्यांचा संबंध आला नव्हता. आज त्यांच्या हातची वस्त्रे भिंतीवर आहेत, आणि ती भिंतीवर लावण्याजोगी आहेत हे मी भीड बाजूस ठेवून सांगतो.

ह्या सर्वांचा आरंभ माझ्या एका चुकीच्या सल्ल्यापासून झाला. आपल्यातील एका भगिनीचे यजमान वारले. वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर त्या मला भेटल्या व म्हणाल्या, "फादर, त्यांच्या कपड्यांची पेटी मला उघडवत नाही आणि टाकवतही नाही." मी तत्काळ उत्तर दिले की ते कपडे गोरगरिबांस द्यावेत, त्यात त्यांच्या आत्म्याचेही कल्याण आहे. सल्ला सेमिनरीत शिकविल्याप्रमाणे बिनचूक होता. फक्त तो त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर नव्हता. त्यांनी आज्ञाधारकपणे धड कपडे देऊन टाकले. उरले ते विरलेले, कॉलर उसवलेले, शाईचे डाग पडलेले कामावरचे शर्ट. ते कोणा गरिबास देणे हा गरिबाचाच अपमान झाला असता. पुढे त्यांच्या मुलाने दारावर आलेल्या बोहारणीस बोलाविले. तिने गाठोडे चाचपून एक स्टीलचा डबा पुढे केला, आणि त्यालाही झाकण घट्ट बसत नव्हते. बाईंनी डबा परत केला व गाठोडे उचलून आत नेले.

त्यांच्याकडे घरकामास येणाऱ्या साताऱ्याकडील एका बाईंनी हे पाहिले आणि म्हटले, "ह्याची वाकळ होईल की." शिकविणारी शिकणारीहून वीस वर्षांनी लहान होती, परंतु तिच्या आईने व आजीने उन्हाळ्यात, शेतीची कामे संपल्यावर, अंगणात बसून हेच केले होते. खाली एक अखंड जुनेर अंथरावयाचे, त्यावर फाटक्यातुटक्या कापडांचे थर नीट बसवावयाचे, वर तुकड्यांची मांडणी करून कच्च्या टाक्यांनी सर्व जखडावयाचे, आणि मग धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावयाचे. सांगावयास एवढेच आहे. करावयास बसले म्हणजे कळते की चार थरांतून सुई आरपार नेताना अंगुस्तान नसेल तर बोटाची चाळण होते, थर एका बाजूस सरकतात, आणि रेघ सरळ घातली असे वाटते ती उजेडात धरली तर विहारच्या रस्त्यासारखी वळणे घेते. ह्या भगिनींची पहिली गोधडी अशीच झाली. त्यांनी ती सबंध उसवली. मध्यंतरी एका डोळ्यातील मोतीबिंदू काढावा लागला, त्यात तीन महिने गेले. दुसऱ्या वेळी मात्र कामास चार महिने लागले आणि ती उसवावी लागली नाही.

ती गोधडी डावीकडून तिसरी आहे. तिच्या मध्यभागी एका शर्टाचा खिसा जसाच्या तसा ठेवलेला आपणांस दिसेल, खालच्या कोपऱ्यात पेन पाझरल्याचा निळा डाग आहे. तो डाग मुद्दाम मध्ये घेतला, आणि भोवतीचे सारे तुकडे त्या निळ्याच्या अनुरोधाने निवडले: जवळ फिके, कडेला गडद. ही निवड कोणी शिकविली नव्हती. घरकाम करणाऱ्या बाई तर खिसा उसवून सपाट करा असेच म्हणत होत्या.

कापडाविषयी दोन शब्द सांगतो, कारण नवशिक्यांची फजिती येथेच होते. सुती कापड घ्यावे, आणि जुने घ्यावे. टेरिकॉट निसटते, घाम शोषीत नाही आणि सुईस दाद देत नाही. नवे सुती कापड धुण्यात आटते, जुने मात्र आटावयाचे तितके आटून चुकलेले असते. दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यात नवे आखडते आणि शेजारच्या विरलेल्या कापडास ओढून फाडते. प्रभूने कोऱ्या ठिगळाचा जो दृष्टांत दिला आहे त्यावर मी आजवर कित्येक प्रवचने केली. तथापि ज्याने कपडे धुतले व शिवले आहेत अशा घरात वाढलेल्या माणसाने तो सांगितला होता, हे मला त्या बाईंनी आटलेला तुकडा हाती दिला तेव्हा उमगले. त्यांनी नवा तुकडा वापरावयाचाच झाला तर तो आधी दोनदा गरम पाण्यातून काढावा हेही मला शिकविले.

चिंध्यांच्या वस्त्राला आपल्या भूमीत फार जुनी प्रतिष्ठा आहे. आपल्या दारापुढील कान्हेरीच्या डोंगरात जे बौद्ध भिक्षू राहत, त्यांच्या धर्मनियमात टाकलेली वस्त्रे धुऊन, रंगवून, तुकडे जोडून चीवर करण्याची परंपरा होती, आणि भिक्षूंच्या चीवरांसाठी ठेवलेल्या देणग्यांचे लेख कान्हेरीच्या पाषाणांवर कोरलेले आहेत. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) त्यांच्या अंगावरील तुकड्यातुकड्यांच्या वस्त्रामुळे लोक गोधडे महाराज म्हणत. परंतु संन्याशाची गोधडी आणि गरिबाची वाकळ ह्यांत एक भेद आहे, तो विसरू नये. पहिलीत चिंध्या आवडीने घेतलेल्या असतात, दुसरीत नाइलाजाने.

नाइलाजातून कला कशी उभी राहते हे पाहावयाचे तर पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील कारवार जिल्ह्यात, म्हणजे आजच्या उत्तर कन्नडात, हल्याळ व यल्लापूरच्या रानात जावे. तेथे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. पुष्कळजण गोव्यातून पळून घाटावरच्या जंगलात शिरले. ज्या पोर्तुगीज राजवटीत आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा मिळाला, त्याच राजवटीतील धन्यांच्या घरांतून हे पळाले. महोत्सवाच्या दिवशीही हे उच्चारले पाहिजे असे मला वाटते. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिकही आहेत. घरात कोकणी बोलतात. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. तिची रीत अशी की कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा, चारही कडांनी फिरत आत आत यावयाचे, आणि शेवटचा टाका मध्यावर पडावयाचा. आधी काही आखून घ्यावयाचे नाही. चार कोपऱ्यांवर तुकड्यांच्या त्रिकोणी घड्या बसवितात, त्यांना त्या फुले म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. कॅथलिक घरची असली तर तुकड्यांत कोठे तरी क्रूस येतो. ह्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शिवीत होत्या, परंतु हेन्री ड्रूएल ह्या अमेरिकन विद्वानाच्या साहाय्याने २००४ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा कोठे त्यांच्या कवंद्या प्रदर्शनांत गेल्या.

अमेरिकेतही असेच घडले. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे गुलामांच्या वंशजांचे एक खेडे आहे. १९४२ साली तेथील मिझूरी पेटवे ह्या विधवेने आपल्या मृत नवऱ्याचे शेतात वापरलेले कपडे फाडून त्यांची गोधडी शिवली. आठवण राहावी आणि पांघरताही यावी म्हणून. तिच्या मुलीने तिला हात लावला. २००२ साली ह्या खेड्यातील गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या, तेव्हा त्या शिवणाऱ्यांपैकी कित्येकजणी वृद्ध झाल्या होत्या. ही हकीकत मी आपल्या त्या भगिनीस सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी एवढेच विचारले, "तिने खिसा ठेवला होता का, फादर?" मला उत्तर देता आले नाही.

"आता ह्या वयात काय" असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक नाव सांगतो. अॅना मेरी मोझेस ह्या शेतकरी आजीबाई (१८६०–१९६१) लोकरीच्या धाग्यांनी चित्रे भरीत. सांधे धरले, सुई धरवेना, तेव्हा सत्तरी उलटल्यावर त्यांनी कुंचला धरला, आणि जगभर नाव झाले. आपल्यापैकी कोणाचे नाव होईल असे आश्वासन मी देत नाही.

ह्या मंडळात एक वाद झाला, तो लपविण्यात अर्थ नाही. भगिनींची संख्या वाढली तेव्हा साताऱ्याच्या त्या बाईंना शिक्षिकेचे मानधन द्यावे असे मी सुचविले. "त्या तर घरच्याच," असे कोणी म्हणाले. कोणी म्हणाले की चहा व जुन्या साड्या देतोच. दोन सभा ह्यातच गेल्या. माझे मत असे की आपण निवृत्तिवेतन घेऊन फुरसतीत जे शिवतो, ते त्यांच्या आईने थंडीपासून पोरे वाचविण्यासाठी शिवले. ती विद्या फुकट घेणे शोभत नाही. शेवटी मानधन ठरले. आज पहिल्या रांगेत त्या बसल्या आहेत, आणि उजवीकडची शेवटची, लाल काठांची, सर्वांत बारीक टाक्यांची गोधडी त्यांची आहे. ती प्रथम पाहा, म्हणजे बाकीच्या अधिक समजतील.

प्रेषितांच्या कृत्यांत टबीथेची, म्हणजे दुर्कसची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा योप्पातील विधवा रडत रडत पेत्राला काय दाखवू लागल्या? तिने शिवलेले अंगरखे. तिचे एकही वाक्य शास्त्रात नोंदलेले नाही. कपडे मात्र नोंदले आहेत.

मंडळाची बैठक दर गुरुवारी दुपारी तीन वाजता ह्याच सभागृहात भरते. येताना धुतलेले जुने सुती कपडे आणावेत. बटणे काढून वेगळी आणली तर उपकार होतील. पुरुषांस मज्जाव नाही. एक निवृत्त रेल्वे गार्ड येऊ लागले आहेत व त्यांचा धावदोरा मालगाडीसारखा सावकाश परंतु सरळ जातो.

त्या पेटीत अजून दोन शर्ट उरले आहेत. ते गोधडीत घालावयाचे नाहीत व कोणाला द्यावयाचेही नाहीत, असे त्या भगिनींनी मला बजावून सांगितले आहे. ह्या वेळी मी काही सल्ला दिला नाही.

आता प्रदर्शन उघडे आहे. गोधड्यांना हात लावून पाहण्यास हरकत नाही; मात्र बाहेर लाडू खाऊन आलेल्यांनी आधी हात धुवावेत.