रायफल वागवणाऱ्याचं मत



बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे इथल्या गल्लीगल्लीत एखादा सुभेदार, हवालदार निघतोच. टीव्हीवर नव्या रायफलची बातमी लागली की नातवंडं विचारतात, "आजोबा, किती लांब मारते?" जवान आधी हे विचारत नाही. वजन किती आणि साफ करायला वेळ किती, हे तो विचारतो. कारण रोज कोतातून काढून पुलथ्रू त्यालाच ओढायचा असतो.

आमच्यातल्या जुन्यांनी एसएलआर वागवली. चार किलोच्या वर, लांबलचक. तिच्या ७.६२च्या गोळीवर आमचा भारी विश्वास. पण तिचा एक राऊंड साधारण २४ ग्रॅमचा, आणि इन्सासचा ५.५६चा त्याच्या निम्मा. शंभर राऊंडांमागे सव्वा किलोच्या आसपास फरक. मैदानात तो जाणवत नाही. पंधरा हजार फुटांवर पिठ्ठू, पाणी, बुलेटप्रूफ जॅकेट घेऊन चढताना त्या सव्वा किलोला जवान काय म्हणतो, ते बायकामुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

तेव्हा १९९०च्या दशकात हलकी गोळी आणली, त्यात चूक नव्हती. पण १९९९ला कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या, तरी उडालेला विश्वास पुरता परत आला नाही. रेंजवर इन्सासचा नेम एके-४७पेक्षा सरस, हे आम्ही आजही म्हणू. पण काश्मीरमध्ये निवड करायला मिळाली की पोरं एकेच उचलायची. चिखलात पडली तरी चालेल, ही खात्री त्यांना हवी होती.

आता फौज पुन्हा ७.६२कडे वळली आहे. २०१९ला सिग ७१६ आली. २०२१च्या करारानुसार सहा लाखांवर एके-२०३ अमेठीजवळच्या कोरव्यात बनायच्या आहेत. आकडा दोन्हींचा ७.६२, पण सिगच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब आणि एकेच्या काडतुसाची ३९. एकाचं दुसरीत चालत नाही. इन्सास धरली तर काडतुसांच्या तीन जाती झाल्या. रात्री खेचरावर रसद लादणाऱ्याला विचारा, पेटी चुकली तर काय होतं! एका पलटणीत जितक्या कमी जाती तितकं बरं, असं आमचं ठाम मत आहे.

आणि बूट? रायफलवर सगळे बोलतात, बुटांवर कुणी नाही. चौकीवर झोपतानासुद्धा बूट पायात असतात. बर्फात मोजा ओला राहिला तर बोट जातं, कायमचं. आमच्यातल्या कित्येकांनी पदरचे पैसे घालून बाजारातले बूट घेतले. परेडला सरकारी, चालायला आपले.

नवी वस्तू घ्यायची तर ती आधी एखाद्या नायकाच्या अंगावर महिनाभर राहू द्या, पावसात आणि चढावर. मग त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत कागदावर येऊ द्या, साहेबांच्या इंग्रजीत नको.

आपल्या गल्लीतली सुट्टीवर आलेली पोरं मागच्या रांगेत बसली आहेत. भाषण संपल्यावर त्यांना गाठा. रायफलचं विचाराच, पण पायातले बूट कुठून घेतले तेही विचारा.