प्रयोगशाळेचे दार आणि खोलीचे भाडे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दरवर्षी मे महिन्यात तालुक्यांच्या महाविद्यालयांतून काही मुले-मुली बंगळूर, पुणे, मुंबई, हैदराबाद अशा शहरांतील संशोधनसंस्थांत उन्हाळी उमेदवारीसाठी जातात. प्रयोग म्हणजे ठरलेले उत्तर वहीत उतरवणे, एवढेच ज्यांनी पाहिले, त्यांना तेथे उत्तर कोणालाच ठाऊक नसलेला प्रश्न प्रथम भेटतो. आठवडाभराची मोजमापे फुकट गेल्यावर ती पुन्हा घेणे, अधिकारी माणसाला ‘हे असेच का?’ असे विचारणे, हे शिक्षण पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. म्हणूनच ही संधी कोणाच्या वाट्याला येते, हा समाजवाद्यांच्या विचाराचा विषय आहे.

१८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीच्या आधारे कलकत्त्यात विज्ञानसंशोधनासाठी ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था उभारली. १९०७ साली चंद्रशेखर वेंकट रामन हा मद्रासचा तरुण अर्थखात्यातील नोकरीवर त्या परक्या शहरात आला. या संस्थेचे दार त्याला उघडे मिळाले. कचेरीच्या वेळेआधी व नंतर तो तेथे प्रयोग करीत राहिला; पुढे १९२८ साली त्याच संस्थेत त्याच्या नावाने ओळखला जाणारा शोध लागला. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्या तरुणाच्या हाती सरकारी नोकरीचा पगार होता, हा तिचा अर्धा भाग मात्र सांगायचा राहून जातो.

दुसरी कथा १९३३ सालची. मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम वर्गात मिळवलेली कमला भागवत (पुढे सोहोनी) ही मराठी तरुणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यास गेली. संस्थेचे संचालक तेच रामन होते. स्त्री म्हणून त्यांनी तिला नाकारले. तिने माघार घेतली नाही. तेव्हा वर्षभर परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. स्वतःसाठी उघडलेले दार दुसऱ्यासाठी आपोआप उघडे राहत नाही, हा यातील धडा आहे.

आज प्रवेशाची दारे पूर्वीहून रुंद आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी छात्रवृत्ती देतात. तथापि अनेक ठिकाणची उमेदवारी बिनपगारी असते. शिवाय निवडीचे पत्र आले की खोलीची अनामत, खाणावळीचे आगाऊ पैसे आणि रोजचे बसभाडे उभे राहते. विद्यावेतन महिन्याच्या शेवटी मिळणार असेल, तर पहिला महिना कशावर काढायचा? त्यात गरिबाच्या घरी उन्हाळ्याची सुटी ही विश्रांती नव्हे, कमाईचा हंगाम असतो. कोकणातला मुलगा आंब्याच्या पेट्या भरतो. देशावरची मुलगी खरिपाच्या तयारीत आईवडिलांना हातभार लावते. अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात, आणि तो गरिबाला अधिक जड जातो. गुणवत्तेची चाळणी लागण्यापूर्वीच पैशाची चाळणी लागून जाते. किंबहुना पुष्कळ मुले अर्जच करीत नाहीत.

कारखान्यातील शिकाऊ कामगाराला विद्यावेतन मिळावे, अशी तरतूद १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात आहे. शिकणाऱ्याच्या श्रमालाही मोल आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या विद्यार्थ्याला ते लागू का नसावे?

महाराष्ट्राला याचे उत्तर नवे नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारण्यास प्रारंभ केला; कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. शाळेचे दार उघडून भागत नाही, मुलाला छप्पर आणि भाकरीही लागते, हे त्या दोघांनी ओळखले होते.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी: सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत बिनपगारी उमेदवारी नको, पहिल्या महिन्याचे विद्यावेतन रुजू होतानाच मिळावे, मुलींसह सर्वांना वसतिगृहात जागा मिळावी. आणि मागणी मान्य होईपर्यंत शहरातील कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. घरातील एक खाट आणि दोन वेळचे ताट कोणा अनोळखी विद्यार्थ्याला दोन महिने देणे पुष्कळांना शक्य आहे. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.