सात क्रोमिस, उरला एक

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये थव्याने फिरणारे कोणते मासे ठेवू? तर आधी माझी फजिती ऐका.

माझा टँक दोनशे लिटरचा. दुकानदार म्हणाला, "हिरवे क्रोमिस घ्या, स्वस्त आणि मस्त. पण विषम आकड्यात हां!" मी सात आणले. पहिला महिना काय दिसायचे! लाइट लागला की हिरवी-निळी चमक, सगळे एका दिशेने. मग एक जण कोपऱ्यात राहायला लागला, शेपटी फाटलेली. एके सकाळी तो गेला. मला वाटलं, आजारी असेल. मग दुसऱ्याची तीच गत. वर्षभरात एकच उरला.

पाणी टेस्ट केलं, ठीक होतं. मग कळलं, मारत तेच होते एकमेकांना.

असं बघा, समुद्रात हे मासे थवा करतात तो मुख्यतः शिकाऱ्याच्या भीतीने. मोठा मासा आला की सगळे एकदम प्रवाळाच्या फांद्यांमध्ये. आपल्या टँकमध्ये शिकारीच नाही, मग जवळ राहायचं कशाला? उरते ती दादागिरी. सगळ्यात कमजोर मार खातो, आणि काचेच्या डब्यात पळणार कुठे? तो मेला की त्याच्या वरच्याचा नंबर. विषम आकड्याने काही होत नाही हो!

अँथियस फार देखणे, पण त्यांना दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. ऑफिसला जाणाऱ्याने नादी लागू नये. बंगाई कार्डिनल घ्यायचे तर जोडीच घ्या, कारण जोडी जमली की ती बाकीच्यांना जगू देत नाही. आणि टँकमध्ये पैदास केलेलेच मागा. इंडोनेशियातल्या बंगाई बेटांजवळचा हा मासा धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

मी शेवटी पाच पजामा कार्डिनल आणले. लाल डोळे, मागे ठिपके, खरंच पजामा घातल्यासारखे. ते गोल गोल पळत नाहीत, एका जागी तरंगत राहतात. रीलसाठी बोअरच. पण दीड वर्ष झालं, पाचही आहेत.

तो शेवटचा क्रोमिसही आहे अजून. आईने त्याचं नाव 'दादा' ठेवलंय.