सहाव्या मिनिटाला थांबलेला खेळ

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



आपल्या बैठकीत शेतकरी, पाणी, शिक्षण, अंधश्रद्धा अशा विषयांवर नेहमी बोलणं होतं. मी फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर संयोजक फोनवर क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "चालेल, पण हा आपल्या मंचाचा विषय कसा, ते आधी सांगा."

तर ते आधी सांगते. फुटबॉल, म्हणजे इथलं सॉकर, आपल्या घराघरात आहे. इथल्या मराठी घरातली मुलगी पाच वर्षांची झाली की तिचं नाव टाउनच्या सॉकरमध्ये घातलं जातं. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या आणि चिरलेली संत्री घेऊन मैदानाच्या कडेला आपणही उभे राहिलो आहोत. पण माझा आजचा विषय खेळाचं तंत्र नाही. तक्रार करणाऱ्या बाईचं काय होतं, तिच्या भोवतीची चांगली माणसं गप्प का बसतात आणि ही परिस्थिती बदलते कशी, हा आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय महिला फुटबॉल लीगच्या २०२१ च्या हंगामात हे सगळं एका वर्षात पाहायला मिळालं.

थोडी पार्श्वभूमी. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे शाळा-कॉलेजांत मुलींच्या खेळांना दारं उघडली. १९९९ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला कॅलिफोर्नियातल्या रोझ बाउलमध्ये ९० हजारांवर लोक आले. त्या लाटेवर २००१ मध्ये पहिली व्यावसायिक महिला लीग निघाली आणि २००३ मध्ये बंद पडली. दुसरी २००९ मध्ये आली आणि तीनच हंगाम खेळली. सध्याची तिसरी लीग २०१३ पासूनची.

दोन लीग बुडालेल्या पाहिल्यामुळे या तिसऱ्या लीगमध्ये एक भीती मुरली होती. काही बोललो तर हीही बंद पडेल. आपल्या न्यू जर्सीच्या संघाचंच उदाहरण घ्या. तेव्हा त्याचं नाव स्काय ब्लू होतं आणि त्याचे सामने पिस्कॅटवेला रटगर्सच्या मैदानावर होत. आपल्यापैकी किती जणांची घरं तिथून दहा मिनिटांवर आहेत! तिथे सामना संपल्यावर खेळाडूंना अंघोळीला शॉवरसुद्धा नव्हते. २०१८ मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. खेळाडूंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता २०२१. लीगमध्ये १० संघ होते. किमान पगार वर्षाला २२ हजार डॉलर आणि कमाल साडेबावन्न हजार. या देशात २२ हजारांत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बऱ्याच जणी सकाळी सराव करून दुपारी दुसरं काम करत. खेळाडूंच्या युनियनने त्या जुलैमध्ये मोहीमच काढली, की हे जोडधंदे आता पुरेत, आम्हाला खेळून जगता आलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट. लैंगिक छळाविरुद्ध नीट लिहिलेलं धोरण या लीगने एप्रिल २०२१ मध्ये स्वीकारलं, म्हणजे नवव्या हंगामाच्या तोंडावर, आणि तेही खेळाडूंनी मागणी लावून धरली म्हणून. भारतात सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं १९९७ ची आहेत. आपण इथे बसून "तिकडे काही सुधारणार नाही" असं म्हणतो, तेव्हा ही दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत. कागदावर तरी आपला देश पुढे होता. कागदाच्या पलीकडचं पुढे बोलते.

उन्हाळ्यात एकेक बातमी येऊ लागली. वॉशिंग्टन स्पिरिटचे प्रशिक्षक रिची बर्क खेळाडूंना घाणेरडं बोलतात, त्यांचं खच्चीकरण करतात, असं ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापलं. लुइव्हिलच्या प्रशिक्षकाला ऑगस्टअखेर काढलं. क्लबने "सबळ कारणासाठी" एवढंच सांगितलं. ते कारण म्हणजे खेळाडूचा लैंगिक छळ होता, हे लोकांना पुढच्या वर्षी कळलं.

मग ३० सप्टेंबरला द अ‍ॅथलेटिकमध्ये मेग लिनेहान यांचा लेख आला. माना शिम आणि शिनेड फॅरेली या दोन माजी खेळाडूंनी स्वतःच्या नावानिशी सांगितलं, की प्रशिक्षक पॉल रायली यांनी अधिकाराचा वापर करून त्यांच्यावर लैंगिक जबरदस्ती केली. रायली यांनी बहुतेक आरोप नाकारले. पण त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलायना करेज या त्यांच्या क्लबने त्यांना काढलं.

यातला खरा धक्का पुढे आहे. शिमने ही तक्रार पोर्टलंडच्या क्लबकडे २०१५ मध्येच केली होती. क्लबने चौकशी केली आणि रायलींचा करार पुढे चालू ठेवला नाही. जाहीरपणे मात्र कारण सांगितलं नाही, उलट आभार मानले. काही महिन्यांत त्याच लीगमधल्या दुसऱ्या क्लबने त्यांना नेमलं. पुढे त्यांच्या संघाने विजेतेपदं मिळवली आणि २०१७ व २०१८ मध्ये लीगने त्यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. इकडे शिम आणि फॅरेली खेळातून बाहेर पडल्या होत्या. २०२१ च्या वसंतात त्यांनी नव्या धोरणाचा आधार घेऊन लीगच्या आयुक्तांना पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, की त्या तक्रारीची चौकशी तेव्हाच पूर्ण झाली आहे.

लेख आल्यावर दुसऱ्याच दिवशी आयुक्त लिसा बेअर्ड यांनी पद सोडलं. त्या आठवड्याअखेरचे सगळे सामने खेळाडूंच्या युनियनच्या मागणीवरून रद्द झाले.

६ ऑक्टोबरला खेळ पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी तीन सामने होते आणि तिन्हीकडे सहाव्या मिनिटाला खेळाडूंनी चेंडू सोडून दिला. दोन्ही संघ मैदानाच्या मधल्या वर्तुळात आले आणि एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून गोल करून उभे राहिले. सहावं मिनिट कशासाठी? शिम, फॅरेली आणि इतरांचं म्हणणं ऐकून घ्यायला सहा वर्षं लागली म्हणून. यातला एक सामना नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीमध्ये होता, जिथे आपली कितीतरी मंडळी राहतात. आदल्या आठवड्यापर्यंत रायलींच्या हाताखाली खेळणाऱ्या मुलीही त्या गोलात होत्या. पंच थांबले, प्रेक्षक उभे राहिले. घोषणा नाही, भाषण नाही. मी आजवर अनेक निदर्शनं पाहिली आहेत, काहींत गेले आहे. इतकं साधं आणि इतकं स्पष्ट निदर्शन क्वचितच पाहिलं.

हंगाम तिथे थांबला नाही. अंतिम सामना पोर्टलंडला सकाळी नऊ वाजता ठेवला होता, कारण टीव्हीला पूर्वेकडची दुपारी बाराची वेळ हवी होती. खेळाडूंनी हरकत घेतली आणि सामना लुइव्हिलला हलवावा लागला. तिथे २० नोव्हेंबरला वॉशिंग्टन स्पिरिटने शिकागोला जादा वेळेत २–१ असं हरवलं. ९७ व्या मिनिटाला केली ओ'हाराने विजयी गोल केला. हा तोच संघ, ज्याचा प्रशिक्षक हाकलला गेला होता आणि ज्याला कोविड नियमांमुळे दोन सामने न खेळता सोडावे लागले होते. शिवाय त्या खेळाडूंनी खुलं पत्र लिहून मालकाला सांगितलं होतं, की संघ मिशेल कांग यांना विका. या कांगबाई जन्माने कोरियन, शिकायला अमेरिकेत आल्या आणि आरोग्यक्षेत्रातल्या आयटीत कंपनी उभी केली. म्हणजे आपल्यासारख्याच. २०२२ मध्ये संघ त्यांच्याकडे आला.

आणि दुसरी बाजू? अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांच्या आत शिकागोचे प्रशिक्षक रोरी डेम्स यांनी राजीनामा दिला, कारण त्यांच्याविषयीची बातमी छापून येणार होती. त्यांच्याविरुद्धही राष्ट्रीय संघातल्या क्रिस्टेन प्रेसने २०१८ मध्येच फुटबॉल महासंघाकडे तक्रार केली होती. वर्ष संपताना हिशेब असा होता, की १० पैकी ५ क्लबांचे प्रशिक्षक तक्रारींनंतर गेलेले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. २०२२ च्या सुरुवातीला खेळाडूंच्या युनियनचा पहिला सामूहिक करार झाला. किमान पगार ३५ हजार झाला, ज्येष्ठ खेळाडूंना स्वतःचा क्लब निवडायचा हक्क मिळाला, मानसिक आरोग्यासाठी पगारी रजा मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी प्रभारी अ‍ॅटर्नी जनरल सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल आला. २०० हून अधिक लोकांशी बोलून त्यांनी लिहिलं, की हा दोन-चार वाईट माणसांचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये रायली, बर्क, डेम्स आणि लुइव्हिलचे क्रिस्टी हॉली यांच्यावर आजन्म बंदी आली आणि क्लबांना दंड झाले. २०२४ च्या करारात कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी करणारी ड्राफ्ट पद्धतच रद्द झाली, आणि खेळाडूच्या संमतीशिवाय तिला दुसऱ्या क्लबला देणंही बंद झालं. २०२५ मध्ये न्यूयॉर्क, इलिनॉय आणि वॉशिंग्टन डीसीच्या अ‍ॅटर्नी जनरलांबरोबरच्या समझोत्यात पीडित खेळाडूंसाठी ५० लाख डॉलरचा निधी ठरला. शिनेड फॅरेली २०२३ मध्ये पुन्हा मैदानात उतरली, आपल्या न्यू जर्सीच्याच संघातून, आणि आयर्लंडकडून विश्वचषकही खेळली.

आता माझा मुद्दा. पगार आणि क्लब निवडायचा हक्क यांचा छळाशी काय संबंध? फार जवळचा. २२ हजारांवर जगणारी आणि क्लब सोडायचा तर खेळच सोडावा लागेल अशी मुलगी तक्रार कशी करणार? आपल्यातल्या ज्यांनी एच-वन व्हिसावर दिवस काढले आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. बॉस अपमान करतो, पण ग्रीन कार्डचा अर्ज त्याच्या हातात आहे. आपण गिळतो. वर स्वतःला बजावतो, की या देशाने आपल्याला किती दिलं, तक्रार कसली करायची! खेळाडूंनाही हेच सांगितलं जात होतं. लीग आहे हेच नशीब समजा. कृतज्ञता चांगला गुण आहे, पण वरचा माणूस जेव्हा तिची मागणी करतो, तेव्हा ते तोंड बंद करायचं साधन होतं.

इथे मला स्वतःविषयी सांगायला हवं. माझी मुलगी तेरा वर्षांची असताना एका ट्रॅव्हल क्लबमध्ये खेळायची. तिचे प्रशिक्षक मुलींवर भयंकर ओरडत, वजनावरून बोलत. मी मैदानाच्या कडेला उभं राहून ते ऐकलं आहे. मी काहीही बोलले नाही. प्रशिक्षक चांगले मानले जात, कॉलेजच्या अर्जात उपयोग होणार होता. पंधराव्या वर्षी तिने खेळ सोडला, अभ्यास वाढला म्हणाली. येट्स यांच्या अहवालात एक निष्कर्ष आहे, की या छळाची मुळं मुलींच्या लहानपणच्या क्लबांत आहेत. तिथेच त्यांना शिकवलं जातं, की शिवीगाळ म्हणजेच प्रशिक्षण. ते वाचून मी मुलीला फोन केला. विचारलं, "तेव्हा मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं होतं, आई. तू म्हणालीस, थोडं सहन कर, एवढं वर्ष काढ." मला ते आठवतसुद्धा नव्हतं. तिला शब्दन् शब्द आठवत होता.

म्हणून क्लबांच्या मालकांकडे बोट दाखवून मला थांबता येत नाही. आणि आपल्या मंचालाही येऊ नये. आपण इथून महाराष्ट्रातल्या चांगल्या संस्थांना पैसे पाठवतो. तिथे एखाद्या कार्यकर्तीने तक्रार केली, तर आपल्यापैकी किती जण म्हणतील, "काम इतकं मोठं आहे, आता बोभाटा नको, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल"? "लीग बुडेल" या वाक्याचाच हा मराठी अवतार आहे. २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगिरांना, त्यांच्यात एक ऑलिंपिक पदकविजेती असूनही, रस्त्यावर यावं लागलं, तेव्हा विशाखाला २६ वर्षं आणि २०१३ च्या कायद्याला १० वर्षं झालेली होती. कायदा कागदावर असतो. तो वापरणारीच्या पाठीशी कोण उभं राहतं, यावर पुढचं ठरतं.

मला तीन सूचना करायच्या आहेत. पहिली, ज्या संस्थांना आपण देणगी देतो त्यांना विचारावं, की २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यात बाहेरची सदस्य कोण आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर ती लागतेच, आणि बिनपगारी कार्यकर्त्यांनाही हा कायदा लागू आहे. दुसरी, तक्रारीमुळे कोणी संस्था सोडली, तर "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहून त्याला पुढच्या संस्थेच्या दारात सोडायचं नाही. पोर्टलंडने तेच केलं. तिसरी सूचना आपल्या मुलांच्या क्लबांबद्दल. मैदानाच्या कडेला उभं असताना आपण फक्त स्कोअर बघू नये, कानही उघडे ठेवावेत. आणि मुलीने काही सांगितलं तर "सहन कर" हे आपलं पहिलं वाक्य असू नये.

त्या दिवशी खेळाडूंनी सामना सोडून दिला नाही. थोडा वेळ थांबल्या आणि मग पुन्हा खेळल्या. ज्यांना वाटतं की बोललं तर संस्था मोडते, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ती लीग बुडाली नाही. तिच्यातल्या मुली बोलल्या आणि त्यानंतरच ती नीट उभी राहिली.

आता चर्चा करू या. माझ्या सूचनांना विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडा.