मोजणी कोणाची, भरवसा किती?

(वेबसाइट चालवणाऱ्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी अनेक संघटनांची आज वेबसाइट आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, पोटगी, आधारगृहं यांची माहिती आपण मराठीत लिहून तिथे ठेवतो. अनुदान देणारे विचारतात, "गूगलवर तुमची किती पानं आहेत?" आपण गूगलचं सर्च कन्सोल उघडतो, आकडा उतरवतो, अहवालात टाकतो. पुढे त्याच आकड्यावर कोणतं पान ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं हे ठरतं. म्हणून तो आकडा कसा तयार होतो हे समजून घेतलं पाहिजे.

आकडेवारीच्या बाबतीत आपली चळवळ कधी भोळी नव्हती. जनगणनेत शेतात राबणारी बाई 'काम न करणारी' म्हणून नोंदली जायची. त्यावर टीका झाली, आग्रह धरला गेला, आणि १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोबदला कामही धरावं, असे शब्द घातले गेले. बाई आधीही राबतच होती, बदलला तो प्रश्न. तीच नजर इथेही हवी.

सर्च इंजिनला आधी आपल्या पानाचा पत्ता कळतो, मग त्याचा क्रॉलर पान वाचतो, आणि त्यानंतर ते सूचीत घ्यायचं की नाही हे ठरतं. अहवालात 'पत्ता सापडला, सूचीत नाही' आणि 'पान वाचलं, सूचीत नाही' अशा अर्थाचे दोन शेरे दिसतात. पहिल्यात पान अजून वाचलेलंच नसतं. दुसऱ्यात वाचून बाजूला ठेवलेलं असतं. प्रत्येक पान सूचीत घेऊच, अशी हमी गूगल देत नाही. दोन पानं सारखी वाटली तर एकच ठेवलं जातं. तेव्हा 'सूचीत नाही' हा शेरा म्हणजे दर वेळी आपली चूक नव्हे.

हे चित्रही ताजं नसतं. अहवाल काही दिवस मागे असतो. एखादा पत्ता तपासला तर क्रॉलरनं मागच्या खेपेला काय पाहिलं ते कळतं. 'थेट चाचणी' आजचं पान तपासते, पण ती पास झाली म्हणून पान सूचीत गेलं असं होत नाही. आणि सूचीत असलेलं पान शोधणाऱ्या बाईला दिसेलच असंही नाही. शोधाच्या चौकटीत 'साइट' असं लिहून पुढे आपला पत्ता टाकल्यावर येणारा आकडा तर निव्वळ अंदाज असतो. तो अहवालात घालू नका. एप्रिल २०१९ मध्ये खुद्द गूगलच्याच बिघाडामुळे अनेक पानं सूचीतून गळली होती. वेबसाइटवाल्यांनी काहीही बदललेलं नव्हतं.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कोणत्या शब्दांनी शोधून लोक आपल्याकडे आले, याची यादी सर्च कन्सोल देतं. पण फार थोड्यांनी विचारलेले शब्द त्यात येत नाहीत, कारण त्यांवरून माणूस ओळखू येऊ शकतो. 'नवरा मारतो, कुठे जाऊ' असं एखादी बाई रात्री आपल्या बोलीत, कधी रोमन लिपीत टाइप करते. तिचे शब्द आपल्या यादीत बहुधा दिसणारच नाहीत. हे तिच्या हिताचंच आहे. पण यादीत काही नाही म्हणून "मराठीत कोणी विचारत नाही" असा निष्कर्ष काढून मराठी पान बंद करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

याची दुसरी बाजूही आहे. काही मजकूर सूचीत जाऊ नये असं आपल्याला वाटतं, उदाहरणार्थ पीडित स्त्रीची ओळख पटेल असा तपशील. अनेकजणी रोबोट्स फाइलमध्ये बंदी घालून निर्धास्त होतात. पण ती बंदी फक्त पान वाचण्यावर असते. दुसरीकडून दुवा मिळाला तर नुसता पत्ता सूचीत येऊ शकतो. पानावर 'नोइंडेक्स' सूचना लिहिली असेल, तर क्रॉलरला ती वाचता यायला हवी, म्हणजे तिथे रोबोट्सची बंदी नको. पान काढण्याची विनंती गूगल सुमारे सहा महिनेच पाळतं, आणि बिंगची सूची वेगळी असते. खरोखर गुप्त मजकूर पासवर्डमागे ठेवावा. त्याहून बरं म्हणजे तो वेबसाइटवर घालूच नये.

मग करायचं काय? आपल्या सगळ्या पानांची यादी आपल्याकडे असू द्या. त्यातली दहा अत्यावश्यक पानं दर महिन्याला एकेक करून तपासा आणि तारखेसह लिहून ठेवा. सर्व्हरची नोंदवही मागवा. क्रॉलर खरोखर आला का ते तिथे कळतं, पण गूगलचं नाव लावून येणारे तोतयेही असतात, म्हणून ज्या पत्त्यावरून तो आला तो पडताळून घ्या. अहवालात आकडा देताना तो कुठून आणि कधी घेतला ते लिहा. आणि केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारा, "आमच्याबद्दल कुठे कळलं?" हे उत्तर वहीत उतरवायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

अनुदान देणाऱ्यांशी या प्रश्नावर एकेकटीनं वाद घालण्यापेक्षा सगळ्या संघटनांनी मिळून एक टिपण तयार करावं, असं मी सुचवते. त्यावर आता चर्चा करू या.