गैरसोय, पण स्वतः निवडलेली

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी एकीनं विचारलं, "घरी काय कमी कष्ट आहेत, म्हणून वर आणखी डोंगर चढायचा?" प्रश्न रास्त आहे. मी पहिल्यांदा कळसूबाईला निघाले तेव्हा माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं.

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून चढताना उभ्या कातळावर लोखंडी शिड्या लागतात. आम्ही अकरा जणी होतो. पहिल्या शिडीपाशीच तिघींना गरगरायला लागलं. विचारलं तर कळलं, सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. का? तर लघवीला आडोसा कुठे मिळणार! एस.टी.त, ऑफिसात, मोर्चात आपण हेच करतो. मूत्रमार्गाची दुखणी ओढवून घेतो, पण बोलत नाही. त्या दिवशी दोघींनी ओढणी धरली आणि प्रश्न सुटला. मग पाळीबद्दल, टाचेवरच्या फोडाबद्दल, दम लागतो त्याबद्दल बोलणं सुरू झालं. घरी कधी अवाक्षर न काढणाऱ्या एक ताई शिडीच्या मध्यावर थांबून म्हणाल्या, "मला भीती वाटतेय, थांबा." सगळ्या थांबल्या. आपण थांबा म्हटल्यावर दहा माणसं थांबतात, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पाय दुखणं वेगळं, गरगरणं वेगळं. पहिलं सोसून पुढे जाता येतं. दुसऱ्याला बसायचं, मीठ-साखर-पाणी घ्यायचं, वेळ पडली तर परत फिरायचं. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेलाच नसतो. बाईनं सरसकट सोसायचं, एवढंच शिकवलेलं.

जपानच्या जुन्को ताबेई यांनी १९६९ साली बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला. एव्हरेस्ट मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या, तर 'मुलं सांभाळा' असं ऐकावं लागलं. १९७५ च्या मे महिन्यात हिमलोटाखाली त्यांचा तंबू गाडला गेला, शेर्पांनी त्यांना ओढून काढलं. तरी १६ मे रोजी त्या शिखरावर पोचल्या. तिथे पोचलेली ती पहिली स्त्री.

मात्र एक सांगते. वाटेत मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका भेटल्या. त्यांच्या कष्टांचं मी गुणगान करणार नाही. त्यांना कुणी विचारलेलं नाही, जायचं का म्हणून. आम्ही आमच्या मर्जीनं गेलो होतो.

तिथले लोक कळसूची गोष्ट सांगतात. कोळ्यांची पोर. चाकरी धरताना तिनं अट घातली, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी तेच काम सांगितलं. तिनं केलं, आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची. वर तिचं लहानसं देऊळ आहे. वाऱ्यानं उभं राहवेना, म्हणून त्याच्या भिंतीला पाठ टेकून आम्ही भाकरी खाल्ली.

पुढची खेप थंडीत आहे. नवे बूट घालून येऊ नका, आणि पाणी पिऊन या.